ग्रुपची शिस्त

आमच्या साहेबांना ऑफिसच्या ग्रुपवर फालतू बडबड खपत नाही. स्वतः मात्र सुविचारापासून दाढदुखीपर्यंत वाट्टेल ते टाकणार, आणि आम्ही ताबडतोब 'नोंद घेतली, सर' एवढंच लिहायचं. गप्प बसलात तर माज, जास्त बोललात तर आगाऊपणा! रेकॉर्ड रूम सांभाळणाऱ्या बाईंनी एकदा काळजीने विचारलं, "दाढ कशी आहे, सर?" तर त्यांना सगळ्यांदेखत झापलं, "हा काय गप्पांचा कट्टा आहे?" तेव्हापासून आम्ही मेसेज वाचणंच सोडलं. नुसती नोंद घेतो.

शनिवारी ऑफिस सुटलं, आम्ही फाटकाबाहेर पडतोय तोच साहेबांचा मेसेज आला, "मी रेकॉर्ड रूममध्ये अडकलोय. बाहेरून कुलूप लागलंय. लगेच या!"

सगळ्यांचे अंगठे सवयीने हलले आणि फोन खिशात गेले. मेसेज खरोखर वाचला तो एकट्या बाईंनी. त्यांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला, पर्समधली चावी चाचपून पाहिली आणि सावकाश टाइप केलं,



"नोंद घेतली, सर."