कोपऱ्यातलं निळं

कारागिराने पैलू पाडायचं चाक थांबवलं, खडा फडक्याने पुसला आणि खाणकऱ्याच्या तळहातावर ठेवला.

खाणकऱ्याचा डोळ्यांवर विश्वास बसेना. आणला तेव्हा खडा पाण्यासारखा पांढरा होता, एका कोपऱ्यात तेवढा निळा ठिपका. आता वरून बघावं तर सगळा गर्द निळा. नदीकाठचा गाळ वर्षानुवर्षं उपसून एकदाचा नीलम हाती लागला होता.

"बघ गं, बघ! म्हटलं नव्हतं?"

बायकोने खडा घेतला. तिला आनंद व्हायला हवा होता, पण ती फार दमली होती. खडा मिळाला की घरी परतायचं, असं दोघांचं ठरलं होतं. आपलं गाठोडं बांधून ती बरोबरच घेऊन आली होती.

"हा विकून अजून एक खड्डा घेऊ," खाणकरी म्हणाला. "पलीकडचा. तिथे याहून मोठा निघणार. शेवटचा, तुझी शपथ."

शेवटच्या खड्ड्याच्या शपथा तिच्यापाशी ढिगाने पडल्या होत्या. तिने खडा आडवा धरला. बाजूने तो अजून पांढराच होता. निळं होतं ते पार तळाच्या टोकाला, मोहरीएवढं.

"भाऊ, निळं एवढंसंच?"

"एवढंसंच. जमिनीच्या पोटात खडा घडताना लोखंडाबिखंडाचा अंश जिथे शिरला, तिथेच रंग. तो कोपरा मी तळाशी घेतला, म्हणून वरून सगळा निळा दिसतो."

"मग हे पांढरं कशाला ठेवलंत?"

"त्याच्यातूनच तर निळं पसरतं, वहिनी. पांढरं काढलं तर उरेल नुसता ठिपका."

तिने खडा हळूच बाकावर ठेवला.

"तुम्ही घ्या खड्डा. मी आताच्या गाडीने घरी चालले." आवाज चढवायचंही त्राण तिच्यात नव्हतं. गाठोडं उचलून ती बाहेर पडली.

"जाते कुठे! कोपऱ्यावरून परत येईल," खाणकरी हसून म्हणाला. त्याने खडा उचलला, पुन्हा वरून बघितला. मग आडवा धरून बघितला. टोकाला एवढंसं निळं, बाकी सगळं पांढरंच.

आणि एकदम उठून, चपला न घालताच रस्त्यावर धावला.

कारागीर दारात आला. "अहो, खडा राहिला तुमचा!"

"राहू द्या हो!" तो मागे न बघताच ओरडला. "ती गाडीत बसेल ना!"