सासूचा लाल शेरा

सासूने बारक्याचं काम पुन्हा अडवलं. सासू म्हणजे ऑफिसातलं कोड तपासणारं यंत्र. प्रत्येक ओळीत खोट काढतं, म्हणून हे नाव.

अ‍ॅप एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी होतं. पडलं, छातीत दुखलं, की मोबाइलवरचं मोठं बटण दाबायचं. मुलांचा फोन वाजतो. त्या बटणाच्या कोडला कुणी बोट जरी लावलं तरी सासूने लाल शेरा मारायचा, हा नियम टीमप्रमुख अक्काने स्वतः घातला होता. लाल काम पुढे सोडायचं की परत पाठवायचं, तेही तीच ठरवायची. तिचे अप्पा दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहायचे. त्यांच्या मोबाइलवर हे अ‍ॅप बारक्यानेच बसवून दिलं होतं.

बारक्या तिच्या टेबलाशी आला. हे आजच जाऊ द्या, म्हणाला. उद्यापासून त्याची रजा होती. याला पळायची घाई झालीय, हे अक्काने ओळखलं.

"बटणाला हात कशाला लावलास?"

"थोडं नीट केलंय. तुम्ही एकदा वाचा तरी."

"चालतंय ना ते? मग नसती उठाठेव कशाला? माझे अप्पा त्या बटणाच्या भरवशावर आहेत. रजेवरून आलास की बघू."

अक्काने काम परत पाठवलं. सासू परवडली, पण सासूची मालकीण नको, असं कुणीतरी मागे पुटपुटलं. अक्का हसली. तिच्या जिवाला बरं वाटत होतं.

घरी जाताना तिने अप्पांना फोन केला. मी ठणठणीत आहे, तू तुझं जेवण बघ, म्हणाले.

सकाळी अप्पांची शेजारीण बोलवायला आली. अप्पा न्हाणीघराच्या दारात पडले होते. मोबाइल मुठीत होता. पडल्यावर बराच वेळ जिवंत असावेत, असं डॉक्टर म्हणाले. अक्काच्या फोनवर एकही कॉल आला नव्हता.

बारक्या धावत आला, तशी तिने त्याची गचांडीच धरली.

"मी नको म्हटलं होतं. तरी अ‍ॅपवर चढवलंस ना ते?"

"नाही अक्का. ते तसंच पडून आहे."

"मग बटण का नाही चाललं?"

बारक्या रडायला लागला.

"घरातलं नेट गेलं की ते बंदच पडायचं. तेच मी दुरुस्त केलं होतं. अप्पांनीच फोन करून सांगितलं होतं मला. म्हणाले, गुपचूप नीट कर, पोरीला कळलं तर तिची झोप उडेल."