चौथं पॅनल

“सगळ्या सोलर पॅनलना मिळून एक इन्व्हर्टर पुरे की,” अण्णा कुरकुरले होते. “एकेकावर पहारा कशाला?” पण मी हट्टाने प्रत्येकाला वेगळा मायक्रोइन्व्हर्टर लावला. आता पुण्यात बसून मोबाइलवर मला साताऱ्याच्या गच्चीवरचं एकेक पॅनल किती वीज देतंय, तो आकडा दिसतो.

आई गेल्यापासून घरात अण्णा एकटेच. रोज अकराला पॅनलांवरून एक सावली सरकते आणि वीज ओळीने घटते: जिन्याजवळचं पहिलं, दुसरं, तिसरं, मग कठड्यालगतचं चौथं. दहा मिनिटांनी सावली तशीच उलटी परतते.

“गच्चीवर जाता का, अण्णा?” मी काल फोनवर विचारलं.

“छे गं! गुडघे कुठे जिना चढू देतात?”

आज सावली चौथ्यापर्यंत गेली. लगेच चौथं पुन्हा लख्ख झालं. मी तिसऱ्याचा आकडा उतरायची वाट बघत राहिले.

तो उतरलाच नाही.