एक टाका

थोरला मुलगा मलेरियाच्या तापाने गेला. तो आजीजवळ झोपायचा आणि तिच्या मच्छरदाणीला भोक होतं. "तुम्हाला एक टाका घालता आला नाही," एवढंच सून सासूला म्हणाली. त्यानंतर अबोला. धाकट्याला तिने सासूच्या हाती कधी दिलंच नाही. आता तोही तापाने फणफणला होता. वॉर्डात सून त्याला कवटाळून बसली होती; समोर सासू सुईदोरा घेऊन नव्याकोऱ्या मच्छरदाणीतही भोक शोधत होती. डॉक्टरीणबाई आल्या. "मलेरिया नाही. रक्तात दुसरेच जंतू सापडलेत. औषध बदललंय, उतरेल ताप." "हे डासामुळे?" सुनेने विचारलं. "डासाचा काही संबंध नाही." "मग थोरल्याला काय होतं?" "सांगता येणार नाही. तेव्हा प्रत्येक तापाला आम्ही मलेरियाच म्हणायचो." सून सासूच्या हातांकडे बघत राहिली. मग तिने सुई काढून घेतली. "आई, याला घ्या जरा. माझे हात भरून आलेत."