माणसाळला

"अप्पा, चहा झाला!" पोपट पुन्हा ओरडला, तशी कुमुदताईंनी पिंजऱ्यावर काळं फडकं टाकलं. मुलाकडे राहायला जाताना, सुनेला पिसांचा त्रास होतो म्हणून, शेजारच्या अप्पांनी डोळे पुसत पोपट त्यांच्या हवाली केला होता. "खातोस माझं आणि नाव त्यांचं घेतोस, मेल्या?" ताई फणफणायच्या. अप्पा म्हटलं की अंधार, गप्प बसलं की हिरवी मिरची.

हळूहळू पोपट माणसाळला. ताईंच्या बोटावर बसू लागला. दारात कुणी हात पसरला की ताईंच्या आधी तोच त्यांच्या ठसक्यात म्हणे, "माफ करा, पुढे जा!"

पाडव्याला अप्पा आले, धापा टाकत. पिंजऱ्यासमोर त्यांनी हात पुढे केला. तळव्यावर पेरूची फोड होती. "राघोबा, ओळखलंस का रे?"

पोपटाने मान तिरकी करून तो हात न्याहाळला. चोच उघडली, मिटली. मग एक डोळा काळ्या फडक्यावर ठेवून म्हणाला, "माफ करा, पुढे जा!"

अप्पांचा हात तसाच राहिला. ताई लगबगीने आत गेल्या. अप्पांना वाटलं, पाणी आणायला.

त्या मिरची घेऊन आल्या.