अक्षर अमान्य

साहेब, नोटीस मला पाठवलीत, पण चूक तुमच्या रक्तपिशव्यांच्या यादीत होती. बारकोडशिवाय रक्ताची पिशवी द्यायची नाही, हा नियमही तुमचाच. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. मी पिशवीचा क्रमांक यादीतून कॉपी करून रक्तपेढीतल्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर टाकला, बारकोड छापण्याची कमांड दिली. पाच वेळा एकच उत्तर: ‘अक्षर अमान्य’. दारातून नर्स दोंका ओरडली, “अगं, ती चालली आणि तू चिठ्ठ्या छापतेस?” “यंत्र ऐकत नाही गं!” “मग यंत्रालाच रक्त पाज!” मी क्रमांक पेनाने लिहून पिशवी तिच्या हातात कोंबली. बाळंतीण वाचली. मागाहून कळलं, क्रमांकातला ‘B’ हा इंग्रजी ‘बी’ नव्हताच. तुमच्या कारकुनाने आपल्या बल्गेरियन लिपीतला ‘व’ टाइप केला होता. दोन्ही लिहिताना दिसतात सारखेच, ‘B’. यंत्राला ‘व’ चालत नाही. लेखी कळवा: तुमच्या अक्षरापायी तिला मरू द्यायचं होतं का?