बाहेर जाणारी

"आज मी बाहेर जाणार नाही," डॉट नवऱ्याला म्हणाली.

आल्फने कॅमेऱ्यावरचा डोळा काढला. गोणपाटाच्या त्या आडोशात दोघांना धड उभंही राहता येत नव्हतं. समोर दलदलीत ब्रोल्गाचं, म्हणजे तिथल्या करड्या सारसाचं, घरटं होतं. दोन अंड्यांपैकी एकाला भोक पडलं होतं. माणसं आली म्हणून पक्षीण लांब पायांवर दूर जाऊन उभी राहिली होती.

"वेडी आहेस का? तू गेल्याशिवाय ती यायची नाही."

रीत जुनीच होती. दोघांनी आत शिरायचं, एकाने बाहेर पडायचं, मागे वळून न बघता चालू लागायचं. पक्ष्याला मोजता येत नाही. माणूस गेला असं समजून तो घरट्यावर येतो. लग्न झाल्यापासून बाहेर पडत आली ती डॉटच. आल्फला पक्ष्यांचं वेड; त्यांच्या फिल्म काढून तो गावाला पडद्यावर दाखवायचा. घरातलं एकेक कपाट त्याने गळलेल्या पिसांनी आणि सोडून दिलेल्या घरट्यांनी भरलं होतं. फक्त ब्रोल्गाचं पिल्लू अंड्यातून निघताना त्याला अजून टिपता आलं नव्हतं.

"पक्ष्याला मोजता येत नाही, आल्फ. मला येतं," डॉट म्हणाली. "गाडीत माझी बॅग आहे. दुपारच्या बसने बहिणीकडे चाललेय. परत येईन असं धरून चालू नकोस. पण एकदा तरी बघून जाईन."

"पडद्यावर बघतेसच की सगळं."

"पडद्यावर अख्खं गाव बघतं."

अंड्यातून बारीकसा आवाज आला. घरटं उघडं पडलं होतं.

आल्फने तिचं बोट धरून कॅमेऱ्याच्या खटक्यावर ठेवलं. "चावी भरलेली आहे. हा दाबून धरायचा." आणि तो गुडघाभर पाण्यात उतरला.

पाठीमागे पंखांचा आवाज झाला. मान वळवायची नव्हती. नियम त्यानेच तिला शिकवला होता. तो पाळणं इतकं जड जातं, हे त्याला आज कळलं.

गाडीपाशी तो बॅगेशेजारी बसून राहिला. रस्त्यावरून बस धूळ उडवत निघून गेली. डॉटने ती मुद्दाम सोडली, की तिला भानच राहिलं नाही? त्याला काही कळेना.

ऊन उतरल्यावर ती आली. कमरेपर्यंत चिखल, डोळे लाल.

"केवढुसं होतं रे! ओलंगिच्च, आणि नुसते पायच पाय. उठायला गेलं की तोंडावर पडायचं. मग आईने चोचीने असं..." चिखलाची बोटं जुळवून तिने हवेतच उचलून दाखवलं.

आल्फने कॅमेरा घेतला. फिल्म इंचभरही सरकली नव्हती.

"खटका?"

डॉटने तोंडावर हात ठेवला. "विसरले."

आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, ते हातचं गेलं होतं. आल्फ हसत सुटला. हसता हसता मटकन खाली बसला. छातीवरचा धोंडा उतरला होता.

"हसतोस काय, म्हाताऱ्या?" डॉटने बॅग उचलली, फिल्मच्या रिकाम्या डब्यांबरोबर गाडीत मागे फेकली. "दुसरं अंडं उद्या फुटेल. बाहेर तूच जायचंस. आणि आजच्यासारखा बैलागत धपाधपा चालू नकोस, पिल्लू दचकतं."